चमचाभर जागा

मी किक मारायला उभा राहिलो की आमच्या गल्लीतली माणसं पोरांना ओट्यावरून आत घेतात. गाडीची भीती नाही, माझ्या तोंडून काय निघेल त्याची आहे. कारण ही गाडी किक घेत नाही, परत करते. व्याजासकट. पहिल्या दिवशी माझ्या पोटरीवरचा काळानिळा ठसा बघून शेजारच्या आप्पांनी विचारलं, "बैलनी लाथ मारी का?"

दोष गाडीचा नाही. मेहुणा नाशिकला मातीतल्या रेसा खेळायचा. त्याचं लग्न ठरलं, होणाऱ्या सासऱ्यांनी अट घातली, आणि गाडी "घरातच राहील" या भावनिक मुद्द्यावर माझ्या गळ्यात पडली. दीडशे सीसी, उंच टाळूचा पिस्टन, कंप्रेशन तेरास एक. मेहुणा तिला डब्यातून आणलेलं रेसचं पेट्रोल पाजायचा. मी तिच्यावरून अमळनेरच्या बाजारातून मेथी आणणार होतो.

"हाई रेसनी गाडी शे भाऊ," मिस्त्री म्हणाला, "हिले आपलं पेट्रोल पचत नही."

तेरास एक म्हणजे काय, तर पिस्टन खाली असताना पेट्रोल-हवेचा जेवढा गॅस मावतो तेवढा सगळा, पिस्टन वर आला की तेराव्या हिश्श्यात कोंबायचा. मे महिन्यात लग्नघरी एका खोलीत तेरा खोल्यांचे पाहुणे. दाबला की गॅस तापतो. प्लगची ठिणगी पडते, आग पसरत जाते, आणि ती पोचेपर्यंत कोपऱ्यातल्या गॅसने दम धरायचा असतो. पंगतीत वाढपी आपल्यापर्यंत येईस्तोवर धरतात तसा. हा दम किती, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. दम सुटला की कोपऱ्यातले पाहुणे परस्पर भांड्यावर तुटून पडतात आणि इंजिनातून पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा आवाज येतो. असाच महिनाभर येत राहिला तर पिस्टनला भोक.

पंपावरचं साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 ऑक्टेनचं होतं. 20 टक्के इथेनॉल आल्यापासून आकडा चढलाय, पण हवेवर थंड होणारं तेरास एकचं इंजिन आणि खानदेशातलं चव्वेचाळीस अंशांचं ऊन यांच्यापुढे तोही हात टेकतो. 2020च्या डिसेंबरात एका तेल कंपनीने शंभर ऑक्टेनचं पेट्रोल बाजारात आणलं. पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणं होतं. मेथीसाठी पुण्याहून पेट्रोल आणायचं हे घरी मंजूर होण्यासारखं नव्हतं. पूर्वी दम वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. ती युक्ती अमेरिकेत 1921 साली सापडली आणि आपल्याकडे 2000च्या फेब्रुवारीत देशभर बंद झाली, हे मला आप्पांनी अत्यंत हळहळत सांगितलं. मग त्यांनीच डांबरगोळ्या सुचवल्या. चार टाकल्या. खडखड होती तेवढीच राहिली, धुराला मात्र आईच्या ट्रंकेतल्या शालूचा वास यायला लागला. आई ओट्यावरून म्हणाली, "काय रे, गाडीवर लगीनले जाई राहना का?"

मिस्त्रीने उष्णता लवकर बाहेर टाकणारा, एक नंबरने थंड प्लग लावला, पेट्रोल सोडणारा जेट मोठा केला, ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घेतलं. पोटरीला आराम पडला. हुरूप येऊन मी चाळीसगावपुढचा कन्नडचा घाट गाठला. हा औटरम घाट. ज्या औटरम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्याला लागलंय, त्याने 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. त्याच्या घोड्याला ऑक्टेन लागत नसावा. माझ्या गाडीने दुसऱ्याच वळणावर शेंगदाणे काढले.

तेव्हा मिस्त्रीने औषधाच्या दुकानातून सिरिंज मागवली. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून थेंब थेंब तेल सोडलं. भोकाच्या काठाशी तेल आलं तेव्हा सिरिंजीतून साडेबारा मिली गेलं होतं. पिस्टनच्या डोक्यावर उरलेली जागा तेवढीच. साडेदहास एकवर यायचं तर हवेत पावणेसोळा. म्हणजे सव्वातीन सीसी कमी. चहाचा चमचासुद्धा पुरता भरत नाही! एवढ्या जागेसाठी मी महिनाभर लंगडत होतो.

आधी आम्ही सोपा मार्ग धरला: सिलिंडरखाली सव्वा मिलीमीटरची पट्टी. जागा झाली, खडखड तशीच. मिस्त्री दोन दिवस गप्प होता. मग उमगलं. पिस्टनची कड आणि हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, यांच्यात जेमतेम एक मिलीमीटर फट असते; तिथला गॅस पिळून मध्ये फेकला जातो, ढवळला जातो, झटकन जळतो. आम्ही ती फट सव्वादोन करून बसलो होतो. कोपऱ्यातल्या पाहुण्यांना बसायला सतरंजीच अंथरली होती म्हणा ना.

पट्टी काढली. आता पिस्टनचीच टाळू लेथवर उतरवायची. किती उतरली हे कळणार कसं? वजनावरून. ॲल्युमिनियमचा एक सीसी साधारण 2.7 ग्रॅम, म्हणजे सव्वातीन सीसीला नऊ ग्रॅम. मिस्त्रीचा काटा खिळ्यांचा, पन्नास ग्रॅमखाली त्याला काही दिसत नाही. ग्रॅमचा हिशेब खानदेशात कुठे होतो हे कुणाला विचारायची गरज नव्हती. लेथ जळगावच्या एमआयडीसीत, काटा जळगावच्या सराफ बाजारात. "जळगावला जाताच आहात तर," म्हणत सौ. मागे बसली. बसनेच गेलो.

नेहमीच्या सराफांनी फडक्यातला काळा पिस्टन बघितला, चष्मा वर केला, पण काट्यावर ठेवला. 118.4. दुपारी लेथवरून परत आणला. 109.3.

"नऊ ग्रॅम गेले की हो," सौ. म्हणाली.

"नऊ पूर्णांक एक," सराफ म्हणाले. "नऊ ग्रॅममध्ये काय दाखवू वहिनी?"

मी पिस्टन फडक्यात गुंडाळेपर्यंत बांगड्यांचा ट्रे बाहेर आला होता.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला दोघं कन्नडच्या घाटाला लागलो. अर्ध्या किकेत गाडी सुरू झाली होती. दुसरं वळण गेलं, चौथं गेलं, आणि मला पुन्हा बारीक खणखण ऐकू आली. दोनदा गाडी थांबवली, हेडजवळ कान नेला. काही नाही. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा सौ.ने हात मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. "अहो, ती माझी नवी बांगडी आहे. काचेच्यांवर वाजतेय."