केचक हा वेदमंत्र नाही आणि बालीचं नृत्य म्हणजे भरतनाट्यम नाही

‘भारत विसरला ते बालीने जपले : जगातील सर्वात प्राचीन वैदिक नृत्य’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. आजवर दुर्लक्ष केलं. पण आता भरतनाट्यम शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवलाय आणि बाईंनी त्याचं वर्गात कौतुकही केलंय. त्यामुळे गप्प बसवत नाही.

सगळ्यात अचाट मुद्दा आधी, केचकबद्दलचा. केचक म्हणजे इंडोनेशियातल्या बाली बेटावर पुरुष गोलात बसून ‘चक-चक’ घोषावर करतात तो नृत्यप्रयोग. ‘केचक म्हणजे वानरसेनेचे पाच हजार वर्षे जुने मंत्रपठण.’ साफ खोटं. आज दिसणारं केचक १९३० च्या दशकात घडलं, म्हणजे आपल्याकडे प्रभातचे बोलपट येत होते तेव्हा. बेदुलू गावचा नर्तक वायान लिंबाक आणि बालीत राहणारा जर्मन चित्रकार-संगीतकार वॉल्टर स्पीस या दोघांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. त्याआधी काय होतं? ‘सांग्ह्यांग देदारी’ नावाचा विधी. गावात साथ आली, संकट आलं की लहान मुलींच्या अंगात देवता येत, त्या नाचत, आणि बायका-पुरुष गात. त्यातला पुरुषांचा ‘चक-चक’ घोष विधीतून बाहेर काढला, त्याला सीताहरणाची गोष्ट जोडली आणि प्रेक्षकांसमोर ठेवला. मूळ विधीत ना राम होता, ना वानर.

आणि त्या घोषात मंत्र नाही, लय आहे. चौकटीचं काळं-पांढरं वस्त्र नेसलेले पुरुष दिव्याभोवती गोलात बसतात. एक गट ठेका धरतो, दुसरा त्याच्या फटीत ‘चक’ टाकतो, तिसरा उरलेल्या फटीत. वाद्य एकही नाही. सगळा गामेलान, म्हणजे तिथला वाद्यवृंद, गळ्यातून उभा राहतो. इतकी अवघड कारागिरी समोर असताना तिला खोट्या प्राचीनतेचं लेबल कशाला? ज्यांनी ती बसवली, त्यांचं श्रेय आपण पुसून टाकतोय.

‘युनेस्कोने जगातील सर्वात जुने हिंदू नृत्य म्हणून गौरवले.’ युनेस्कोने असं काहीही म्हटलेलं नाही. २०१५ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत बालीच्या पारंपरिक नृत्याचे तीन प्रकार घेतले गेले. ‘वाली’ म्हणजे पवित्र विधीतली नृत्यं : रेजांग, सांग्ह्यांग देदारी, बारिस उपचारा. ‘बेबाली’ विधीला जोडून होणारी : तोपेंग सिधाकार्य, गांबुह, वायांग वोंग. ‘बालिह-बालिहान’ रंजनाची : लेगोंग क्रातोन, जोगेद बुंबुंग, बारोंग केत. एकूण नऊ. ज्या केचकवर अख्खा मेसेज उभा आहे, ते या नवात नाहीच. हा एक दाखला नीट वाचला असता तर अर्धा मेसेज लिहायची वेळ आली नसती.

‘नाट्यशास्त्रातील मुद्रा तिथे शुद्ध स्वरूपात टिकल्या.’ इथे थोडं मान्य करावं लागेल. रामायण-महाभारत तिथे खोल रुजलंय, प्राचीन जावानीज काव्यांतून आलंय, आणि त्या रामायणामागे आपलं भट्टिकाव्य, म्हणजे रामकथेवरचं संस्कृत महाकाव्य, आहे. पण रुजलं ते तिथलं होऊन. बारोंग या सिंहासारख्या रक्षक प्राण्याच्या मुखवट्याच्या खेळात कुंती सहदेवाचा बळी द्यायला निघते. व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही. लेगोंग या दरबारी नृत्यात लासेमच्या राजाची कथा असते, ती जावाच्या पांजी नावाच्या राजपुत्राच्या कथांमधली. तिचा भारताशी संबंध नाही.

अंगाची ठेवण तर वेगळीच. भाचीला मी लेगोंगचा व्हिडिओ लावून दिला. कोपरं खांद्याच्या उंचीला, पाठीला बाक, कंबर एका बाजूला झुकलेली, बोटं सतत थरथरती, आणि डोळे एका झटक्यात कोपऱ्यात जाऊन परत येतात. पायात घुंगरू नाहीत. नर्तकी अंगाच्या झटक्याने ढोलकीवाल्याला खूण देते आणि सगळा वाद्यवृंद तिथे थबकतो. भरतनाट्यममध्ये अभिनयात हात शब्द बोलतो, तसे इथले हात सहसा ठरावीक शब्द बोलत नाहीत. शिकवणंही निराळं : गुरू मागे उभी राहते आणि शिष्येचे हात धरून ते फिरवते. हे पाहून कुणाला ‘शुद्ध भरतमुनी’ दिसत असतील, तर त्यांनी दोन्ही नृत्यं नीट पाहिलेली नाहीत.

‘फक्त स्त्रियाच नाचतात.’ बारिस हे पुरुषांचं, योद्ध्यांचं नृत्य आहे. पुढे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो : ‘बालीला गेलात तर अंगात येणारं देवनृत्य रोज संध्याकाळी तिकीट काढून पाहता येतं.’ हा दावा निव्वळ चूक नाही, अपायकारक आहे. काय विकायचं आणि काय नाही यावर बालीच्या लोकांनी डोकं खपवलंय. १९७१ मध्ये बालीची राजधानी देनपसारला याच प्रश्नावर परिसंवाद झाला आणि वरची तीन गटांची विभागणी त्यातून आली. तिकिटावर दिसतं ते केचक, बारोंग, लेगोंग. तिथे अंगात आल्यासारखं दाखवतात तो प्रयोगाचा भाग असतो, आणि ते आनंदाने पाहावं. रेजांग मात्र देवासाठी असतं. गावच्या बायका-मुली रांगेने, संथ पावलांनी देवस्थानासमोर नाचतात, तुम्हाआम्हाकडे तोंड करून नव्हे. उत्सवात जायची संधी मिळाली, तर लुंगी नेसून कमरेला पट्टा बांधा, पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहू नका, आणि मोबाईल घेऊन रांगेच्या पुढे जाऊ नका.