सर, मी मोबाइलमध्ये काय बघत होते ते सांगते

नमस्कार सर,

ओपीडीत औषधांचे डोस मी मोबाइलवर तपासून घेते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उरकता आलं असतं, पण मुद्दे तेवढे हलके नाहीत. तुमचं म्हणणं असं, की पूर्वीच्या डॉक्टरांना सगळं तोंडपाठ असायचं; पेशंटसमोर मोबाइल काढणारा डॉक्टर एकतर कच्चा, नाहीतर बेपर्वा; आणि बघूनच सांगायचं तर 'गूगल आम्हालाही येतं, मग फी कशाची?' शिवाय मॅडमना शहरात दाखवायला नेलंत, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटं मोबाइलमधून मान वर केली नाही, हेही लिहिलंत.

आधी तोंडपाठचं. मी इंटर्न होते तेव्हा तापाच्या मुलांना नायमेसुलाइडचं सिरप सर्रास दिलं जायचं. त्याचा डोस मी झोपेतसुद्धा सांगितला असता. २०११ मध्ये भारतात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली. यकृताला इजा होण्याची भीती होती. डोस मात्र मला अजून पाठ आहे! डोक्यातल्या पुस्तकाची नवी आवृत्ती आपोआप निघत नाही.

आणि तेव्हाही आम्ही बघतच होतो की. ॲप्रनच्या एका खिशात 'सिम्स' या औषधांच्या सूचीचा अंक, दुसऱ्यात हाताने लिहिलेली डायरी, त्या वजनाने खिशाची शिवण कायम उसवलेली. आमच्या एका सीनियरकडे पाम होता, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक, काडीने टोचून चालवायचा. त्यात एपोक्रेट्स नावाची औषधांची सूची. आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचो, पण यंत्र अमेरिकेचं, त्यामुळे आमच्या वॉर्डातला एकही ब्रँड त्यात सापडायचा नाही.

आता एक रात्र सांगते. आठ किलोचं बाळ, ताप, उलट्या. आई म्हणाली, "तापाचं औषध दिलंय, पाच एमएल, सकाळी आणि आता संध्याकाळी." बाटली बघितली तर पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स. जुनं सिरप संपलं, दुकानातून त्याच नावाचे ड्रॉप्स आले, आणि जुन्या बाटलीचं माप घरात होतंच. त्या सिरपच्या पाच एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅम असतात, ड्रॉप्सच्या एकाच एमएलमध्ये १००. म्हणजे बाळाला एका वेळी सव्वाशेऐवजी पाचशे मिलिग्रॅम गेले होते. दोनदा.

हा हिशोब करायला मला मोबाइल लागला नाही. दोन्ही वेळचे मिळून किलोमागे १२५ मिलिग्रॅम झाले, हेही बोटांवर निघालं. पॅरासिटामॉलच्या विषबाधेसाठी रुमॅक-मॅथ्यू नावाचा एक आलेख आहे, तो सगळ्यांना शिकवतात. पण तो एकदम घेतलेल्या डोससाठी. थोड्या थोड्या वेळाने जास्त गेलं असेल तर तो लावायचा नसतो आणि धोक्याच्या मर्यादा वेगळ्या असतात, एवढं मला पक्कं आठवत होतं. आकडा आठवत नव्हता. तो बघितला: लहान मुलांत २४ तासांत किलोमागे २००. आपण खाली होतो, पण उलट्या चालू होत्या. म्हणून पॅरासिटामॉल बंद केलं आणि यकृताच्या तपासणीसाठी रक्त त्या रात्री आणि दुसऱ्या संध्याकाळी पाठवलं. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले.

मी स्क्रोल करत असताना मागे बसलेली आजी सुनेला म्हणाली, "बाईला येत नाय वाटतं, मोबाईल बघून सांगतीया." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

राग आला. घरी जाताना वाटलं, तिचं काय चुकलं? टेबलावर जाड पुस्तक उघडलं असतं तर ती गप्प बसली असती, कदाचित भारावलीही असती. पुस्तकाला मुखपृष्ठ असतं, समोरच्याला ते दिसतं. मोबाइलची पाठ सगळीकडे सारखीच. त्यावर डोस आहे, क्रिकेटचा स्कोअर आहे की व्हॉट्सॲपवरचा लग्नाचा फोटो, हे खुर्चीतल्या माणसाने कसं ओळखायचं? तुमच्या त्या पाच मिनिटांबद्दलही मला हेच वाटतं. ते डॉक्टर मॅडमच्या गोळ्या एकमेकींशी जुळतात का ते तपासत असतील, किंवा नसतीलही. त्यांनी ते सांगितलं नाही, ही त्यांची चूक, आणि तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. त्या रात्रीपासून मी तोंडाने बोलते: "बाळाच्या वजनाप्रमाणे डोस बघते हं." मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. इंग्रजी कळत नाही बऱ्याच जणांना, पण आकडा कळतो.

गूगलचं म्हणाल तर जरूर बघा, मी कुणाला अडवत नाही. फक्त काय होतं ते सांगते. आपल्याकडचं दम्याचं साल्ब्युटामॉल अमेरिकी पानावर 'अल्ब्युटेरॉल' असतं, पॅरासिटामॉल 'ॲसिटामिनोफेन'. ब्रिटिश पानावर साखर ७ दिसते आणि इथल्या माणसाची पाचावर धारण बसते. ते एकक वेगळं, १८ ने गुणलं की आपली १२६ होते. हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याला जुलाबावर मेट्रोनिडाझोल लिहिताना हात थबकला पाहिजे, कारण दोन्ही मिळून रक्त जास्त पातळ होतं. तो थबकला तरच माणूस मोबाइल काढतो. फी त्या थबकण्याची समजा. एआयला विचारून मी डोस लिहीत नाही, तेही इथेच सांगून टाकते.

हातमोजे घालून मोबाइलला हात लावू नये, असं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर. त्यावर माझ्याकडे बचाव नाही.

मॅडमच्या बीपीच्या दोन गोळ्या एकत्र का दिल्या, हे तुम्ही विचारलंत, पण कागद बघितल्याशिवाय मी ते इथे सांगणार नाही. पुढच्या भेटीला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा न्या, आयुर्वेदिक असतील त्याही. आणि गोळ्या काढताना नाव छापलेल्या बाजूने सुरुवात करू नका. माझ्याकडे रोज कुणीतरी नाव फाटलेली चंदेरी पट्टी घेऊन येतं आणि म्हणतं, "हीच ती, पांढरी, बारकी." ती कुठल्याच मोबाइलमध्ये सापडत नाही.