दाबा, धरा आणि लगेच सोडू नका

फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे अँड्रॉइड सुरू होण्याआधीच्या थांब्यावर, अडकला की घरात उमटणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मी काहीच केलं नाही." माझं मत असं, की हे वाक्य खरं धरावं. बहुतेक वेळा खरोखरच कोणी काही केलेलं नसतं. रात्री अपडेट होऊन फोन आपला आपण रीस्टार्ट झाला, त्या नेमक्या घटकेला घट्ट रबरी कव्हरने आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं होतं, एवढं पुरतं. रेडमी, पोको या मंडळींना सुरू होताना ते बटण दाबलेलं दिसलं की मालकाला आज फास्टबूटच हवंय असा त्यांचा समज होतो. सकाळी काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरांत 'फास्टबूट' आणि बाकी सामसूम. जुन्या मॉडेलांत इथे कानटोपी घातलेला एक ससा अँड्रॉइडच्या हिरव्या बाहुल्याची दुरुस्ती करताना दिसायचा. तो ससा गेला याचं मला वाईट वाटतं. निदान कोणीतरी कामाला लागलंय असा धीर यायचा.

पुढचे दोन तास घराघरांत सारखेच जातात. धाकटा स्क्रीनवर बोटं फिरवून बघतो. काही होत नाही, कारण इथे टच चालतच नाही. तो चालवणारं सॉफ्टवेअर अजून उठलेलंच नसतं. काकू फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात. तांदळाचा उपयोग भिजलेल्या फोनलासुद्धा फारसा होत नाही, इथे तर फोन कोरडा ठणठणीत आहे. काका चार्जर लावतात, काढतात, पुन्हा लावतात. शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात वरात जाते आणि तिथला पोरगा मान न उचलता निकाल देतो : "सॉफ्टवेअर मारावं लागेल. डेटा जाईल."

थांबा. डेटा इतक्यात कुठेही जात नाही.

बटण दाबल्यापासून फोन सुरू होईपर्यंत काय घडतं ते नाटकवाल्यांना चटकन कळेल. चिपमध्ये कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, ही पहिली घंटा. तो बूटलोडरला, म्हणजे अँड्रॉइड सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, उठवतो, ही दुसरी. बूटलोडर दोन गोष्टी बघतो. एक, कोणती बटणं दाबलेली आहेत. दोन, 'मिस्क' नावाच्या चिमुकल्या कप्प्यात कोणी 'रिकव्हरी' या डागडुजीच्या मेनूत जायची चिठ्ठी ठेवली आहे का. दोन्हीकडे काही नसेल तर तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, अँड्रॉइड रंगमंचावर येतं. फास्टबूट म्हणजे दुसऱ्या घंटेनंतर थांबलेला प्रयोग. नट, नेपथ्य, तुमच्या लग्नाचे फोटो, सगळं आत जागेवर आहे. फक्त बूटलोडर दाराशी उभा राहून कॉम्प्युटरकडून हुकूम येण्याची वाट बघतोय. हुकूम येत नाही, कारण तुमच्याकडे कॉम्प्युटर नाही आणि असला तरी त्याला हे कोणी सांगितलेलं नाही.

बाहेर पडायचा मार्ग एका बोटाचा आहे. आधी कव्हर काढा. आवाजाची दोन्ही बटणं वेगवेगळी दाबून बघा. टक् असा आवाज येऊन ती वर उचलली गेली पाहिजेत. मग फक्त पॉवरचं बटण दाबा आणि धरून ठेवा. साधारण १० ते १५ सेकंद लागतात, हट्टी फोनला ३०. लोक इथेच हरतात. तीन सेकंद दाबतात, सोडतात, "होत नाहीये" म्हणतात, पुन्हा तीन सेकंद दाबतात. थोडा वेळ दाबलेलं बटण म्हणजे सॉफ्टवेअरला केलेली विनंती असते आणि सॉफ्टवेअर अडकलं असेल तर ती ऐकणार कोण? बराच वेळ दाबलं तर ते काम वीज सांभाळणाऱ्या चिपकडे जातं. ती सेकंद मोजते आणि ठरलेला आकडा गाठला की कोणालाही न विचारता वीज तोडून पुन्हा जोडते. पूर्वी बॅटरी काढून बसवायचो, त्याचीच ही सोय. बॅटऱ्या आत चिकटवून टाकल्यावर काहीतरी ठेवणं भाग होतं.

स्क्रीन काळी झाली, फोन थरथरला, कंपनीचं चिन्ह दिसलं की बोट उचला. आणि दुसऱ्या हाताची पकड बघा. पॉवर दाबताना समोरच्या बाजूने आवाज-कमीचं बटण घट्ट आवळून धरणारे महाभाग फास्टबूटमधून बाहेर पडून थेट फास्टबूटमध्येच येतात आणि दोष फोनला देतात.

गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये एवढीही मेहनत नाही. तिथे स्क्रीनवर 'स्टार्ट' असा पर्याय असतो. आवाजाच्या बटणांनी पर्याय बदलायचे, पॉवरने निवडायचा. खाली 'डिव्हाइस स्टेट : लॉक्ड' असं लिहिलेलं दिसतं. ते वाचून फोन लॉक झाला म्हणून घाबरू नका. बूटलोडरला कुलूप आहे एवढाच त्याचा अर्थ आणि ते असलेलंच बरं.

मीडियाटेक चिपच्या काही फोनांत मात्र खोडी आहे. तीन ओळी येतात : रिकव्हरी, फास्टबूट, नॉर्मल बूट. आवाज-वाढवाने खाली सरकायचं आणि आवाज-कमीने 'ओके' म्हणायचं. हे कोणी ठरवलं देव जाणे. जगभरची सवय अशी, की आवाज-कमी म्हणजे खाली. त्या सवयीने माणूस खाली जाण्याऐवजी पहिल्याच ओळीला होकार देऊन बसतो. याच जातीच्या फोनांत कधी कधी कारखान्यातल्या तपासणीचा मेनू उघडतो, तो सगळा चिनी भाषेत. लोक त्यात अंदाजाने दाबतात. त्या यादीत फोन रीस्टार्ट करणारी ओळ आहे तशी आतली साठवण पुसणारीही आहे. चिनी येत नसेल तर हात मागे घ्या आणि पॉवर धरून ठेवा.

सॅमसंगचं घराणंच वेगळं. त्यांच्याकडे फास्टबूट नाही, डाउनलोड मोड आहे. निळसर स्क्रीन, त्यावर 'डाउनलोडिंग' आणि खाली दम दिल्यासारखं 'डू नॉट टर्न ऑफ टार्गेट'. आपण आज्ञाधारक माणसं. बंद करू नका म्हटलंय, नाही करत. फोन टेबलावर ठेवतात, त्याला हात लावायचा नाही असं पोरांना बजावतात आणि डाउनलोड पूर्ण व्हायची वाट बघतात. संध्याकाळ होते. कोणी तरी म्हणतं, नेट स्लो असेल. वायफायच्या राउटरला उगाच झापलं जातं. प्रत्यक्षात काहीही डाउनलोड होत नसतं. केबलने कॉम्प्युटर जोडून कोणी सॉफ्टवेअर पाठवेल म्हणून फोन नुसता बसलेला असतो. केबल जोडलेली नसेल, खाली प्रगतीची पट्टी सरकत नसेल, तर खुशाल बाहेर पडा. आवाज-कमी आणि पॉवर एकत्र, सातेक सेकंदांहून जास्त. त्याआधीची इशाऱ्याची स्क्रीन असेल तर नुसतं आवाज-कमी दाबलं की झालं, तसं तिथेच लिहिलेलं असतं. पण इशारा दिसला की आपण वाचणं सोडून हाका मारायला लागतो.

पॉवरचं बटणच मेलं असेल तर कॉम्प्युटरला शरण जावं लागतं. गूगलचं 'प्लॅटफॉर्म टूल्स' हे छोटं पॅकेट उतरवा आणि त्याच फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघडा. 'फास्टबूट डिव्हायसेस' लिहिल्यावर फोनचा क्रमांक दिसला की 'फास्टबूट रीबूट'. क्रमांक न दिसण्याची कारणं बहुधा तीनच. विंडोजमध्ये ड्रायव्हर नाही. केबल फक्त चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीत. पॉवर बँकेबरोबर मिळालेली असली तर संशय पक्का समजा. किंवा तुम्ही 'एडीबी'ची, म्हणजे त्याच पॅकेटमधल्या दुसऱ्या साधनाची, आज्ञा देताय, जी अँड्रॉइड जागं असताना किंवा रिकव्हरीत चालते, इथे नाही. शाओमीच्या काही फोनांना यूएसबी ३चा पोर्ट सोसत नाही. आज्ञा गेली की स्क्रीन काळी होते आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रेस एनी की टू शटडाउन' उमटतं. फोन बिघडला नाही. यूएसबी २च्या पोर्टात किंवा जुन्या हबमध्ये लावा, त्याचं समाधान होतं.

कॉम्प्युटरही नसेल तर बॅटरी उतरू देणं हा शेवटचा, आळशी पण चालणारा उपाय. फक्त आवाजाचं बटण आतून अडकलेलं असेल तर चार्ज झाल्यावर फोन पुन्हा तिथेच उगवतो. मग बटणाची पट्टी साफ करणं किंवा बदलणं एवढंच काम आहे. ते सॉफ्टवेअर मारून होत नाही, हे दुकानदाराला नम्रपणे सांगावं.

आता रिकव्हरी. इथली पहिली भेट अपशकुनी असते : अँड्रॉइडचा बाहुला उताणा पडलेला, पोटावर लाल त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह आणि खाली 'नो कमांड'. बघणाऱ्याला वाटतं, गेला. तो गेलेला नाही. रिकव्हरी उठून कामावर आली आणि काय काम ते कोणी सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पॉवर धरून ठेवा, आवाज-वाढव एकदाच टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. मेनू येतो. पहिलीच ओळ 'रीबूट सिस्टिम नाऊ'. पॉवर दाबा, बाहेर पडा.

ही ओळ पहिली का ठेवली असेल याचा विचार न करता लोक खाली सरकतात. खाली 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' बसलेलं आहे. शेजारच्या हुशार मुलाने सांगितलेलं असतं, "कॅश पार्टिशन वाइप कर, काही जात नाही." तात्पुरत्या फायलींचा कप्पा पुसायचा हा सल्ला खरा आहे, पण जुन्या फोनांसाठी. दोन स्लॉटची, म्हणजे सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची, रचना असलेल्या नव्या फोनांत तो कप्पाच सहसा नसतो. मग 'वाइप' या शब्दाने सुरू होणारी जी ओळ सापडते ती दाबली जाते. जुन्या रिकव्हरीत यावर एक छान उतारा होता. खात्री करायला ओळीने भरपूर 'नो' यायचे आणि मधे कुठेतरी एकच 'येस'. त्या अभियंत्यांचा माणसावर काडीचा विश्वास नव्हता. मला ते लोक आवडतात. हल्ली दोन-चार ओळींतच निकाल लागतो.

कधी रिकव्हरी आपणहून येते आणि म्हणते, अँड्रॉइड लोड होत नाही, तुमचा डेटा खराब झाला असावा. खाली दोनच पर्याय : 'ट्राय अगेन' आणि 'फॅक्टरी डेटा रीसेट'. आधी 'ट्राय अगेन'. पुन्हा तेच आलं तर पुन्हा 'ट्राय अगेन', मध्ये फोन बंद करून थंड होऊ द्या. साठवण काठोकाठ भरलेली असली किंवा अपडेट अर्धवट राहिलं तर असं होतं. अँड्रॉइड ७पासून, म्हणजे २०१६पासून आलेल्या दोन स्लॉटच्या फोनांत नवं अपडेट दुसऱ्या स्लॉटमध्ये लिहिलं जातं. ते उठलंच नाही तर फोन काही प्रयत्नांनंतर जुन्यावर परत येतो. म्हणून दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या फोनला मध्येच ढोसू नये. आणि दर वेळी रिकव्हरीच उघडत असेल, तर मघाची ती मिस्कमधली चिठ्ठी कोणी फाडलेली नसते, हेही एक कारण असतं.

रीसेट हा मात्र एकेरी रस्ता आहे. आजच्या फोनांत सगळा डेटा सांकेतिक रूपात असतो. रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. नंतर "फोटो काढून देतो" म्हणणाऱ्या माणसाला आगाऊ पैसे देऊ नका. बूटलोडरचं कुलूप काढू म्हणणाऱ्यालाही आधीच थांबवा, ते काढतानाही सगळं पुसलं जातं. बटणं ठीक आहेत, लांब दाबून झालं, 'फास्टबूट रीबूट' झालं आणि तरी फोन तिथेच येतो, असं असेल तर अधिकृत सेवा केंद्र गाठा आणि डेटा हवा आहे हे कागदावर लिहून घ्या.

आयफोनवाले एवढा वेळ गालातल्या गालात हसत असतील. त्यांच्याकडेही केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र येतं. आयफोन ८ आणि पुढच्यांत आवाज-वाढव दाबून सोडा, आवाज-कमी दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरा. पहिली दोन बटणं झटपट, तिसरं निवांत. तिन्ही एकदम आवळणाऱ्यांचा फोन पोलिसांना फोन लावायची तयारी करतो.

रीसेट झालाच तर खरी करमणूक नंतर असते. अँड्रॉइड ५.१पासून, म्हणजे २०१५पासून, रिकव्हरीतून पुसलेला फोन आधीचं गूगल खातं मागतो. चोराच्या हाती फोन लागला तर त्याला तो वापरता येऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था. पण फोन आबांचा असतो आणि जीमेल फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने काढून दिलेला. पत्ता कोणाला माहीत नाही, पासवर्ड तर त्या मुलालाही आठवत नाही. अशा वेळी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. ओटीपी तिथे येईल आणि गूगलच्या खातं शोधायच्या पानावर मोबाइल क्रमांक व नाव टाकून पत्ता मिळू शकतो. म्हणून फोन सध्या धड चालत असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन तो पत्ता आजच बघा आणि एका कागदावर लिहा. त्या कागदाचा फोटो काढून त्याच फोनमध्ये जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी अजून कुठल्याही कंपनीने बटण बनवलेलं नाही.