फोन उशीखालीच राहतो
स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं घरी करणाऱ्यांना अ‍ॅपमुळे मोठा आधार मिळतो, हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. सासूबाईंना चार वर्षांपासून अल्झायमर आहे. गोळीची वेळ अ‍ॅप सांगतं, पण गालात धरलेली गोळी नंतर कुंडीत जाते, ते त्याला काय कळणार? लोकेशनचंही तेच. त्या बाहेर पडतात तेव्हा फोन उशीखाली! शेवटी नाव-नंबर कोरलेलं लॉकेट गळ्यात घातलं.

जागतिक आरोग्य संघटनेचा, अशा रुग्णांचं करणाऱ्यांसाठी असलेला 'आयसपोर्ट' हा ऑनलाइन कार्यक्रम मात्र कामी आला. त्यात रुग्णाच्या बदललेल्या वागण्यावर वेगळा भाग आहे. संध्याकाळी "मला घरी जायचंय" सुरू झालं की आता मी वाद घालत नाही, मटार सोलायला पुढे ठेवते. मराठीतून बोलणारं एखादं चांगलं अ‍ॅप असेल तर कुणीतरी सुचवा. आमच्या ह्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, आणि रात्रीची पाळी त्यांची असते.