गिट घेतलं म्हणून बॅकअप नको? कोण म्हणतं?

सांगली-मिरजेच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: मुक्त (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाने गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं की प्रत्येकाकडे सगळा इतिहास येतो, म्हणून बॅकअप नको. मधलं केंद्र नाही, म्हणून परवानगी नको. लिनक्सने वाट दाखवली, बाकीचे लगोलग गेले, न गेलेले संपले. आणि इंटरनेटही लागत नाही. एवढा मेसेज. मी स्वतः रोज गिटच वापरतो, तुम्हीही वापरा. पण या कारणांसाठी नको.

बॅकअपचं आधी, कारण इथे खरं नुकसान होतं. मार्च 2013 मध्ये केडीई या डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या मुक्त प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली. मिरर सर्व्हर, म्हणजे मुख्य सर्व्हरची हुबेहूब प्रत ठेवणारे, होते, नाही असं नाही. पण मुख्य सर्व्हर सांगेल ते ते निमूट उतरवून घेत. तिकडून बिघडलेली यादी आली आणि मिररनी आपल्याकडच्या चांगल्या रिपॉझिटरीही (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची भांडारं) पुसून टाकल्या. प्रश्न सुमारे 1500 रिपॉझिटरींचा होता. नव्याने उभारल्या जाणाऱ्या एका सर्व्हरवर प्रत सापडली म्हणून निभावलं. नशीब, दुसरं काय!

शिवाय पुश न केलेलं, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेलं काम दुसऱ्या कुणाच्याच क्लोनमध्ये (उतरवून घेतलेल्या प्रतीत) नसतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली होती. तशा पाण्यात तळमजल्यावरचा लॅपटॉप गेला, तर त्यातले कमिट (नोंदवलेले बदल) कुठून आणणार? इश्यू (अडचणींच्या नोंदी) आणि चर्चाही सहसा वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये असतात. जानेवारी 2017 च्या शेवटी गिट रिपॉझिटरी ठेवणाऱ्या गिटलॅब या सेवेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा रिपॉझिटरी शाबूत राहिल्या, पण काही तासांचे इश्यू आणि कॉमेंट कायमचे गेले.

‘परवानगी नको’ हे अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग मोलाचा आहे. सबव्हर्जन या गिटआधीच्या, एकाच केंद्रावर चालणाऱ्या साधनात कमिटचा हक्क नसलेल्या नवख्याला स्वतःच्या कामाचा इतिहासही नीट ठेवता येत नसे. पॅच (बदलांची फाइल) पाठवायचा आणि वाट बघायची. आता विश्रामबागेतल्या होस्टेलवर बसून कुणालाही न विचारता ब्रँच (स्वतःची वेगळी शाखा) काढता येते. मुख्य शाखेत शिरायचं म्हटलं की मात्र विचारावंच लागतं. लिनक्समध्येही बदल आधी त्या त्या भागाच्या मेंटेनरकडे (तो भाग सांभाळणाऱ्याकडे) जातात आणि मग लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य प्रतीत.

लगोलग कुणी गेलं नाही. लिनक्स स्वतःच 2002 पासून बिटकीपर या मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरवर होतं. त्याचा फुकट वापर बंद झाला तेव्हा एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतलं. पर्ल ही भाषा 2008 च्या अखेरीस गिटवर आली, ग्नोम हा डेस्कटॉप 2009 मध्ये. पायथन आधी मर्क्युरिअल या गिटसारख्याच साधनावर गेलं, 2017 मध्ये गिटवर. ईमॅक्स या एडिटरने मध्ये बझार हे तसंच आणखी एक साधन वापरून पाहिलं. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम तर सीव्हीएस या जुन्या साधनावर राहूनही खुशाल चाललीय, आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस स्वतःच्या फॉसिल या साधनावर.

राहिलं इंटरनेट. कमिट, डिफ (बदलातला फरक बघणं), जुना लॉग यांना नेट लागत नाही, कबूल. पण लिनक्स कर्नलचा पहिला पूर्ण क्लोन काही जीबींचा होतो. मोबाइल डेटावर तो झेपत नाही म्हणून बरेच जण डेप्थ 1 देऊन फक्त शेवटची स्थिती उतरवतात. मग त्या प्रतीत मेसेजमधला ‘सगळा इतिहास’ नसतोच.