‘टेस्टिफाय’ची ती रोमन कथा खोटी, शिवाय उलटी

भाच्याच्या स्पर्धापरीक्षेच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय आणि पोराने तो वहीत उतरवूनही घेतलाय, म्हणून हा खटाटोप. दावा असा: रोमन पुरुष न्यायालयात स्वतःचे वृषण हातात धरून शपथ घेत, म्हणून साक्ष देणं म्हणजे ‘टेस्टिफाय’. बायकांना वृषण नाहीत, म्हणून त्यांना साक्षीचा हक्क नव्हता. पुरावा बायबलात आहे. आणि ‘टेस्ट’ही त्यातूनच आला.

रोमन शपथ कशी घेत, हे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात आहे. कार्थेज या शत्रुराज्याशी तह करताना हातात दगड घ्यायचा, ‘मी शब्द मोडला तर बाकी सगळे सुखरूप राहोत, मी एकटा या दगडासारखा फेकला जावो’ असं म्हणायचं आणि दगड टाकायचा. वृषण धरल्याचं एकही रोमन लेखक सांगत नाही. इतकी चमत्कारिक प्रथा असती, तर त्यांच्या विनोदी नाटककारांनी ती सोडली असती होय?

आता शब्द. लॅटिनमध्ये ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. त्याला ‘करणे’ या अर्थाचं क्रियापद जोडून ‘टेस्टिफिकारी’ झालं आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत आलं. ‘टेस्टिस’चं मूळ रूप ‘ट्रि-स्टि-’: दोघांच्या व्यवहारात तिसरा उभा असलेला. आपला ‘त्रयस्थ’ स्वतंत्रपणे घडला, पण त्याच धातूंतून. ‘ट्रि-स्टि-’मधला स्वर गळला, ‘टेर्स्टिस’ झालं, मग ‘स्ट’च्या आधीचा ‘र’ही गेला. हा ‘र’ असाच ‘टोर्स्टुस’चं ‘टोस्टुस’ होतानाही गेला. सकाळी खाता तो टोस्ट त्याचाच वंशज. हा अंदाज नाही. पॉम्पेईत सापडलेल्या एका ऑस्कन शिलालेखात विबियुस आदिरानुस नावाच्या माणसाने मृत्युपत्राने पैसे ठेवल्याची नोंद आहे, आणि ‘मृत्युपत्राने’ यासाठी तिथे ‘ट्रिस्टामेन्टुड’ कोरलंय. ऑस्कन ही लॅटिनची बहीणभाषा. तिच्यात ‘ट्रि’ शाबूत राहिला. वृषणवाल्यांनी आधी या दगडाचं उत्तर द्यावं.

बायकांचा मुद्दा तर धडधडीत चुकीचा. सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या रोमन कायद्याच्या संग्रहात (२२.५.१८) विधिज्ञ पाउलुस म्हणतो: व्यभिचाराच्या कायद्याने दोषी ठरलेल्या स्त्रीला साक्ष द्यायला बंदी आहे, त्याअर्थी इतर स्त्रियांना न्यायालयात साक्षीचा हक्क आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्या चालत नसत, हे मान्य. पण ते बंधन न्यायालयातल्या साक्षीला लागू नव्हतं.

बायबलातला उल्लेख खरा आहे: उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात अब्राहाम नोकराला आपल्या मांडीखाली हात ठेवून शपथ घ्यायला सांगतो. पण ती हिब्रू परंपरा आहे, आणि हात दुसऱ्याच्या मांडीखाली. रोमचा संबंध काय?

नाइलाजाने एक कबूल करतो. ‘टेस्टिस’चा अर्थ वृषण असाही होता आणि रोमन विनोदी नाटककार प्लाउटुसने त्या दुहेरी अर्थावर कोट्याही केल्यात. बहुतेक अभ्यासक मानतात की साक्षीदाराचा शब्द पुढे पौरुषाचे ‘साक्षीदार’ म्हणून वृषणांना लागला. म्हणजे नातं असलंच तर मेसेजच्या नेमकं उलट्या दिशेचं.

राहिला ‘टेस्ट’. प्रोटेस्ट, कॉन्टेस्ट, डिटेस्ट हे साक्षीदाराच्याच घरचे. ‘टेस्ट’ मात्र ‘टेस्टुम’चा, म्हणजे मातीच्या भांड्याचा. सोन्याचांदीचा कस पाहायला धातू शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवत. शिसं हवेने जळून हिणकस धातूंसह मुशीत शोषलं जाई, सोनंचांदी वर उरे. त्या मुशीला इंग्रजीत आधी ‘टेस्ट’ म्हणत. चाचणी हा अर्थ मागून आला.