प्रतिक्रियेला उत्तर : भोळे लोक म्हणजे नेमके कोण?

दीर्घकाळच्या ताणावर मी अ‍ॅक्युपंक्चर (ठरलेल्या बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार) घेतलं आणि त्याचा मला काय उपयोग झाला, यावर मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर लांबणार आहे, म्हणून ते वेगळं लिहिते. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती आधी देते (त्यातली ‘ची’ म्हणजे चिनी वैद्यकाच्या मते शरीरात वाहणारी प्राणशक्ती) :

“ताई, लेख वाचला. तुमची भाषा चांगली आहे, म्हणूनच धोका जास्त. जर्मनीत मोठा अभ्यास झाला, त्यात भलत्याच जागी सुया टोचलेल्यांनाही जवळजवळ तेवढाच आराम पडला. म्हणजे हा सगळा मनाचा खेळ. ‘ची’ नावाची वस्तू आजवर कोणत्या यंत्रात दिसली? चिनी औषधांनी बेल्जियममध्ये बायकांच्या किडन्या गेल्या, त्यावर तुम्ही गप्प. खर्चावरही गप्प. शिकल्यासवरल्या बाईने या सुयांच्या नादी लागावं आणि भोळ्या लोकांनाही लावावं, याचं वाईट वाटतं. आपला प्राणायाम सोडून चीनकडे काहून जायचं? – एक निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ.”

सर, खर्चाचं तुमचं म्हणणं रास्त आहे. तो आकडा लेखात असता तर बरं झालं असतं. मी जाते तिथे एका बैठकीचे पाचशे रुपये घेतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा जावं लागतं, म्हणजे महिन्याला चार हजार. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी कर्ज काढून मुळीच जाऊ नये.

आता तुमचं ते वाक्य. “शिकल्यासवरल्या बाईने या सुयांच्या नादी लागावं आणि भोळ्या लोकांनाही लावावं.” नादी माणूस दारूच्या लागतो, सट्ट्याच्या लागतो. मी एका दुखण्यावर उपचार घेतला आणि तो कसा होता ते लिहिलं. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची, भाषेचं कौतुक करायचं आणि मग बाईच्या शिक्षणाचा हिशेब मागायचा, ही रीत मला ओळखीची आहे. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर ‘शिकल्यासवरल्या पुरुषाने’ असं तुम्ही लिहिलं असतं का? मला नाही वाटत.

शिक्षणाचा विषय तुम्हीच काढलात, तर सांगते. मी लघुलेखक आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये वकिलांकडे आयुष्य गेलं. समोरचा बोलतो ते जसंच्या तसं उतरवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हीच माझी शिकवण. लेखही तसाच लिहिला. सासऱ्यांना पक्षाघात झाला, त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागायचं. पहाटे उठून त्यांचं आवरायचं, मग ऑफिस, संध्याकाळी उशिरापर्यंत डिक्टेशन, रात्री पुन्हा त्यांना कूस बदलून द्यायला उठायचं. अशी वर्षं गेली. झोपेत माझा जबडा इतका आवळला जायचा की सकाळी तोंड पूर्ण उघडत नसे. दातांच्या डॉक्टरांनी दाढा घासल्या गेल्याचं दाखवलं आणि रात्री घालायला गार्ड करून दिला. बीपीची गोळी सुरू झाली. ती आजही सुरू आहे, आणि सुयांसाठी ती बंद करा असं मला कोणी सांगितलं नाही, मीही कोणाला सांगितलेलं नाही. हे लेखात ठळक अक्षरांत होतं. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही.

याच काळात एका मोठ्या रुग्णालयात मी दाखवायला गेले होते. सगळे रिपोर्ट चांगले आले. तिथल्या डॉक्टरांनी फाइल मिटवली आणि म्हणाले, “काही नाही, मनाचे खेळ आहेत, जास्त विचार करत जाऊ नका.” माझ्यामागे रांग होती. तीन मिनिटंही झाली नसतील. मी रिक्षात बसून रडले. सर, ‘मनाचा खेळ’ हे शब्द तुम्ही सहज टाइप केलेत. ज्यांचा जबडा दुखतो, ज्यांची छाती रात्री दोनला धडधडते, त्यांनी हे शब्द घरात, दवाखान्यात, नातेवाइकांत ऐकलेले असतात. ताण मनात सुरू होतो आणि शरीरात उतरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ताणात वाढणारी कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन ही शरीरातलीच रसायनं आहेत. मग तो उतरवण्याची वाट शरीरातून गेली तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

आणि ते ‘भोळे लोक’. मी जिथे जाते तिथे बाकावर माझ्याबरोबर कोण बसलेलं असतं ते ऐका. अजनीचे एक लोको पायलट येतात. ड्यूटी कधी मध्यरात्री लागते, कधी पहाटे, त्यामुळे झोपेचं वेळापत्रक असं राहिलेलंच नाही. मिहानमधला एक मुलगा येतो, तो रात्रभर परदेशातल्या ग्राहकांचे फोन घेतो. इतवारीत घाऊक व्यापार सांभाळणाऱ्या एक काकू येतात. त्या पैशाला पैसा जोडणाऱ्या आहेत, फरक पडला नसता तर दुसऱ्या महिन्यात फिरकल्या नसत्या. परवा त्या मला म्हणाल्या, “बाप्पा, मान थोडी मोकळी वाटून राहिली.” यातलं भोळं कोण आहे? हे सगळे आधी एमबीबीएस, एमडी डॉक्टरांकडे जाऊन आलेले आहेत, अनेकांच्या गोळ्या चालू आहेत. आपल्या दुखण्यावर काय करावं हे ठरवण्याचा त्यांना अधिकार आहे. ते भोळे, आणि तुम्ही व मी त्यांचे राखणदार, हे मला मान्य नाही. चाळीस वर्षं वर्गात बोलल्यामुळे समोरचा प्रत्येक माणूस विद्यार्थी वाटत असेल, तर त्याला माझा इलाज नाही.

आता तुमचा जर्मनीचा अभ्यास. तो मी लेख लिहिण्याआधीच वाचला होता. २००७ साली प्रसिद्ध झाला, जुन्या कंबरदुखीवरचा होता, त्यात १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा ठरलेल्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फायदा झालेला होता. भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. तुम्ही इथेच थांबलात. त्या अभ्यासात तिसरा गटही होता. औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम, म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीचा नेहमीचा उपचार. त्यांच्यापैकी किती जणांना फायदा झाला? २७.४ टक्क्यांना. हा आकडा तुम्ही का गाळलात? तुमच्या विद्यार्थ्याने तीनपैकी दोनच आकडे लिहिले असते तर तुम्ही त्याला पूर्ण गुण दिले असते का? आणि हेही पाहा, ‘भलत्या जागी’ म्हटलं तरी सुई त्वचेत जातच होती. शरीराला काहीच केलं नाही, असं त्या गटाबद्दल म्हणता येत नाही.

२०१२ साली जुनाट दुखण्यांवरच्या चाचण्यांमधल्या सुमारे १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. खऱ्या सुया खोट्यांपेक्षा, म्हणजे भलत्या जागी टोचलेल्या किंवा त्वचेत न शिरणाऱ्या सुयांपेक्षा, सरस ठरल्या. फरक लहान होता, पण होता. हे सगळं दुखण्याबद्दल झालं, ताणाबद्दलचे अभ्यास लहान आणि कमी आहेत, हेही मी लेखात लिहिलं होतं. ताणाच्या जवळचा म्हणाल तर इंग्लंडमधला २०१३चा आहे, नैराश्याच्या ७५५ रुग्णांचा. नेहमीच्या उपचाराला अ‍ॅक्युपंक्चरची किंवा समुपदेशनाची जोड दिली, त्यांची स्थिती तीन महिन्यांनी नुसता नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगली होती. त्यात खोट्या सुयांचा गट नव्हता. तुम्ही बोट ठेवाल म्हणून मीच सांगते.

अजून एक अभ्यास सांगते, तोही तुम्ही माझ्याविरुद्ध वापराल. २००८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी पोटाच्या जुनाट त्रासाचे २६२ रुग्ण घेतले. सुया सगळ्यांच्याच खोट्या, त्वचेत शिरतच नव्हत्या. काहींना नुसतं यादीत थांबवलं, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना आराम वाटला. काहींना खोट्या सुया दिल्या पण बोलणं कामापुरतं, त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना. आणि ज्यांना खोट्या सुयांबरोबर कोणीतरी बसून, विचारपूस करून, नीट ऐकून घेतलं, त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांना. तुम्ही म्हणाल, बघा, सुईचं काहीच काम नाही. मी म्हणते, तीन मिनिटांत फाइल मिटवणाऱ्याने हा आकडा टेबलाच्या काचेखाली ठेवावा. माझ्या पहिल्या बैठकीत सुया देणाऱ्या बाईंनी माझ्या दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पाळी, पचन, झोप, रात्री कितीला जाग येते, सगळं विचारलं. मग कुठे सुया काढल्या. पाव मिलिमीटर जाडीच्या, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, दर वेळी नव्या पाकिटातल्या. दोन भुवयांच्या मध्ये एक, मनगटाच्या आतल्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक, पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये एक, आणि जबड्याच्या कोपऱ्यात, दात आवळले की स्नायू वर येतो तिथे. मनगटावर आधी किंचित झिणझिण्या, मग जडपणा. अर्धा तास दिवा मंद करून पडून राहायचं. कितीतरी वर्षांत त्या अर्ध्या तासात मला कोणी हाक मारली नव्हती. यातलं सुईचं किती आणि त्या खोलीचं किती, याची वाटणी करायला मला कोणी सांगितलं तर मी करणार नाही. माझा जबडा सैल झाला आणि मी झोपू लागले.

‘ची’ यंत्रात दिसत नाही, बरोबर. मी ती दिसते असं कुठेही म्हटलं नव्हतं. चिनी वैद्य ताणाला यकृताची ‘ची’ अडकली म्हणतात, ते त्यांच्या शास्त्राचं वर्णन आहे, मी तसं सांगून पुढे गेले. यावर जास्त बोलायची मला गरज वाटत नाही.

बेल्जियमचंही तसंच. १९९०च्या दशकात ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करायला दिलेल्या कॅप्सूलमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरीच, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्यांना इजा झाली. भयंकर घटना आहे. पण माझा लेख सुयांवर होता. चिनी औषधं मी घेतलेली नाहीत आणि कुणाला सुचवलेलीही नाहीत. ताणासाठी तिकडे ‘श्याओ याओ सान’ नावाचं जुनं मिश्रण देतात, त्यात ज्येष्ठमध असतो, आणि ज्येष्ठमध सतत पोटात गेला तर बीपी वाढतं. बीपीची गोळी घेणाऱ्या माझ्यासारखीने ते ऑनलाइन मागवून घेऊ नये. लिहिलं नाही म्हणून ‘गप्प’, असा आरोप करायचा असेल तर मी मधुमेहावरही गप्प होते.

राहिलं चीनकडे काहून जायचं. प्राणायाम मी रोज करते, तो सोडलेला नाही. सोडला असं लेखात कुठे होतं, ते दाखवा. आणि चीनचं म्हणाल तर तुम्ही नागपूरचे, म्हणून विचारते. १९३८ साली भारतातून चीनला पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्यांचं नाव आपल्या शहरात किती लोक घेतात? त्या पथकातलेच डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत त्यांनी भारतात आणली. तेही अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर होते. युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करायला गेलेल्या माणसांच्या वाटेने ही विद्या आपल्याकडे आली. तिला परकी म्हणून झिडकारताना एवढं तरी लक्षात घ्यायला हवं होतं.

शेवटी, ज्यांनी खाली पत्ता विचारला आहे त्यांच्यासाठी. मी कोणाचंही नाव जाहीर देणार नाही, कारण मग ही जाहिरात आहे असंही म्हटलं जाईल. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, केंद्रानेही २०१९ साली ती स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. ज्यांच्याकडे जाल त्यांना राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, न लाजता विचारा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, तर आधीच सांगा. छातीच्या वरच्या भागात खोल सुई घालू देऊ नका, क्वचित का होईना फुफ्फुसाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि सर, तुमची दुसरी प्रतिक्रियाही माझ्याकडे आली आहे, ज्यात तुम्ही माझ्या सासऱ्यांच्या आजारपणाबद्दल लिहिलं आहे. ती मी प्रसिद्ध केलेली नाही आणि करणार नाही. जर्मनीच्या त्या तिसऱ्या आकड्याबद्दल काही लिहायचं असेल तर जरूर लिहा, ते त्याच दिवशी छापेन.